सुई बोटाला की गाठीला?

वर्धा जिल्ह्यात नाचणगावला मामांच्या ओट्यावर संध्याकाळी सातनंतर बसायचं तर घरातला टेबलफॅन बाहेर ओढून आणावा लागतो. समोर नाली आहे. मामा तिला शिव्या देत नाहीत. तीस वर्षं आपलं पोट हिच्यावरच चाललं, असं म्हणतात. ते हत्तीरोगाच्या पथकात होते. काम रात्रीचं. आठला जेवून निघायचं, कुठल्यातरी गल्लीत दारं वाजवायची, झोपेतून उठवलेल्या माणसाचं बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि त्याची बोलणी खाऊन पुढच्या दारी जायचं.

माझी धाकटी बहीण पॅथॉलॉजिस्ट आहे. टोचायचं काम तिचंही, पण दिवसा आणि गाठीला. मान, काख, जांघ, स्तन, थायरॉइड, जिथं म्हणून बोटाला गाठ लागते तिथं ती बारीक सुई घालते आणि निघालेला थेंब मायक्रोस्कोपखाली पाहते. डॉक्टर मंडळी याला एफएनएसी म्हणतात. आमच्याकडे लोक ‘गाठीत सुई टाकली’ एवढंच म्हणतात, आणि ते पुरेसं आहे.

दोघांची टोचायची जागा वेगळी, त्यावरून त्यांचं अधूनमधून वाजतं. यंदा सीतादही होऊन कापूस वेचायला लागले त्या दिवसांत जे वाजलं, ते मी मध्ये बसून ऐकलं.

निमित्त झालं चार घरं सोडून राहणाऱ्या काकूंचं. बहीण आल्याचं कळल्यावर त्या प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या.

“बाई, येवढं वाचून दे. कॅन्सर नाई म्हने, पन लिहिलं काय हाये ते कोनी सांगितलं नाई.”

त्यांच्या काखेत गाठ आली होती. आधी घरच्यांनी अवधाण समजून हळदीचा लेप लावला. पण अवधाण यायला हाताला कुठं जखम, ठणका हवा, तो नव्हता. गाठ उतरेना, तेव्हा सून घाबरली. स्तनातला कॅन्सर काखेत उतरतो हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं सुई टाकली, रिपोर्ट आला, बारा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गाठ हळूहळू बसली. रिपोर्ट पिशवीत गेला आणि पिशवी देवघराच्या मागं.

बहिणीनं कागद दिव्याखाली धरला. लसीकाग्रंथीला सूज, इओसिनोफिल पेशी भरपूर, आणि वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीचे मायक्रोफायलेरिया.

“हत्तीरोगाचे जंतू,” ती म्हणाली. “काकू, छान पकडलंय हं त्यांनी.”

मामांनी हात पुढं करून कागद घेतला. चष्मा कपाळावरून खाली आणला. ते मजकूर वाचत नव्हते, वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचत होते.

“हे तं सहा महिने झाले,” ते म्हणाले. “सहा महिने हा कागद देवामागं होता. या गल्लीतल्या कोनाचं रक्त घेतलं का कोनी?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी बहिणीकडे.

“मामा, त्या डॉक्टरसमोर गल्ली नव्हती. कॅन्सरच्या भीतीनं आलेली एक बाई होती. तिला चिरफाड न करता, भूल न देता सांगितलं की कॅन्सर नाही, टीबी नाही, हे आहे. यात चुकलं काय?”

“चुकलं नाई. पन चोर पकडला अन् घर कोनाचं फोडलं ते विचारलंच नाई, असं झालं हे. अन् पकडला तोई नशिबानं. तुमची सुई ज्या ठिकानी गेली त्या ठिकानीच तो बसला होता म्हनून. रात्री दहाला बोट टोचलं असतं तं सरळ सापडला असता.”

“नसताही सापडला.”

“काऊन?”

“काऊन ते तुम्हालाच ठाऊक आहे. हजार पट्ट्या पाहिल्या असतील तुम्ही.”

मामांना ठाऊक होतं. हत्तीरोगाचे मोठे कृमी रक्तात नसतातच. ते लसीकावाहिन्यांत राहतात, मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, नर तिच्या निम्मा, जाडीला शिवायच्या दोऱ्याएवढे. पाच-सात वर्षं तिथंच गुंतून जगतात. मादी पिलं सोडते ती रक्तात येतात, तेच मायक्रोफायलेरिया. आपल्याकडच्या जातीची पिलं दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, बोटाच्या रक्तात भरपूर मिळतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तो रात्रीच. म्हणून मामांची नोकरी रात्रीची. पण सगळ्यांच्या रक्तात पिलं मिळतात असं नाही. नुसता नर असेल, नुसती मादी असेल, पिलं थोडी असतील किंवा शरीरानंच ती गाठीत अडवून मारली असतील, तर रोग अंगात असूनही बोटाची पट्टी कोरी निघते.

“आणि पहिला मोठा कृमी सापडला तोच मुळी रक्तात नाही,” बहीण म्हणाली. तिला हा इतिहास फार आवडतो, हे मला माहीत होतं. “पिलं आधी दिसली. पॅरिसला 1863 मध्ये अंडवृद्धीच्या पाण्यात, ब्राझीलला 1866 मध्ये दुधासारख्या लघवीत, आणि 1872 मध्ये कलकत्त्याला लुईसनं माणसाच्या रक्तात पाहिली. पण आई कुठंय हे कोणालाच माहीत नव्हतं. ती सापडली 1876 मध्ये ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या जोसेफ बॅन्क्रॉफ्टला. कशात? हाताच्या गळवात. म्हणजे गाठीच्याच पुवात की नाही? त्याच्याच नावानं आज त्या जंताला ओळखतात.”

“अन् डासाचं कोनी शोधलं?”

“मॅन्सननं. 1877, चीनमध्ये.”

“अन् कशावरून शोधलं? रक्तावरून! रात्री झोपलेल्या मानसाले डास चावू देले, अन् डासाच्या पोटात पाह्यलं. बॅन्क्रॉफ्टनं जंत पकडला, मॅन्सननं नाली पकडली. हे मले सांगते.” शेवटचं वाक्य माझ्याकडे पाहून होतं.

इथं मला कबूल करावं लागेल की सुई टाकतात म्हणजे नेमकं काय करतात हे मला नीट ठाऊक नव्हतं. इंजेक्शनच्या उलटं काहीतरी असावं, इतकीच समजूत. काकूंना विचारलं तर “मुंगी चावल्यावानी” याहून जास्त सांगता येईना त्यांना. तेव्हा बहिणीनं ओट्यावरच करून दाखवलं, भरताच्या वांग्यावर.

गाठ डाव्या हाताच्या दोन बोटांत घट्ट धरायची, निसटू द्यायची नाही. वर स्पिरिट. तेवीस नंबरची सुई, इंजेक्शनला असते तशीच किंवा त्याहून बारीक, दहा मिलिलिटरच्या सिरिंजला लावलेली. ती गाठीत गेली की दट्ट्या मागं ओढायचा आणि ओढलेला ठेवूनच सुई आतल्या आत चार-पाच वेळा पुढंमागं करायची, दर वेळी कोन जरा बदलून. मग, आणि इथंच नवशिके चुकतात, आधी दट्ट्या सोडायचा आणि नंतर सुई बाहेर काढायची. ओढलेला दट्ट्या तसाच ठेवून सुई काढली तर माल उडून सिरिंजमध्ये जातो आणि काचेवर काहीच उतरत नाही. सुई काढून घेऊन सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई पुन्हा लावायची आणि काचेवर एक थेंब फुंकायचा. तुरीच्या डाळीएवढा. दुसरी काच वर ठेवून हलक्या हातानं ओढायची. एक काच ताबडतोब अल्कोहोलात, एक हवेत सुकवायला. पहिली पॅप रंगासाठी, दुसरी जिम्सासाठी. सगळं मिळून पाच मिनिटं.

“आणि मायक्रोफायलेरिया दिसला की कसा दिसतो?” मी विचारलं.

“पाव मिलिमीटर लांब. म्हणजे लाल पेशीच्या पस्तीस-चाळीस पट. कधी सरळ, कधी आकड्यासारखा, बहुतेक वेळा वेटोळं घातलेला. अंगावर पारदर्शक पिशवी असते, ती दोन्ही टोकांना लांब निघालेली दिसते. अंगभर जांभळ्या ठिपक्यांची रांग, पण शेपटीच्या टोकाला ठिपका नाही. केरळात मलायी जात आहे, तिच्या शेपटीत दोन ठिपके असतात. आपली ती नव्हे. शेपूट रिकामी दिसली की बॅन्क्रॉफ्टी.”

“मेलेला,” मामा म्हणाले.

“मेलेलाच असणार, अल्कोहोलात बुडवल्यावर.”

“आम्ही जिता पाह्यला.” आणि मग मामा जे बोलले ते मी जसंच्या तसं देतो, कारण तीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठा आनंद त्यांना झाला नसावा. “ताजा थेंब काचेवर, वरून पातळ काच. पयले जंतू नाई दिसत. पयले लाल पेशी हालताना दिसतात. बाकी सगळ्या शांत, अन् एका कोपऱ्यात कोनी तं ढकलून राह्यलं त्याहीले. तिकडं नेलं की सापडते. चाबकावानी. जागचा हालत नाई, पन वळवळ थांबत नाई. साहेब लोक पाह्याले येत.”

नेहमीच्या कामात मात्र जाड पट्टीच असायची. वाळली की पाण्यात उभी करायची, तांबडा रंग सुटून पट्टी पांढुरकी होते, मग रंग द्यायचा. दहा-वीस पट्ट्या पाहिल्या की मान अवघडते. शंभरात एक सापडली तर डोळे निवतात. आणि हत्तीरोगाच्या कारभारात शंभरात एक हाच आकडा महत्त्वाचा: गावातल्या रक्तात जंतू असणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याखाली गेलं का, हे पाहिलं जातं.

“बरं,” बहीण म्हणाली, “या काकूंचं रक्त रात्री घेतलं असतं आणि कोरं निघालं असतं, तर पुढं काय? गाठ तर होतीच. सर्जननं काढा म्हटलं असतं. काखेतली किंवा जांघेतली गाठ कापून काढायची म्हणजे लसीकेची वाटच कापायची. ज्या रोगात तीच वाट तुंबून हात-पाय सुजतात, त्या रोगात तीच कापून टाकायची? सुईनं ते वाचतं.”

मामांनी मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला. पण ते पाण्याचा पेला ठेवून म्हणाले, “हे पटलं. आता माह्यं ऐक. समज, गाठीत तीस-चाळीस ठिकानं हाये, तुह्यी सुई चार ठिकानी जाते. तिथं जंतू नाई निघाला, तं तू लिहितं काय?”

“प्रतिक्रियेमुळे आलेली सूज. रिअॅक्टिव्ह.”

“म्हनजे जंतू नाई असं होत नाई नं?”

“नाही होत.”

“पन लोक तं तसंच समजतात. रिपोर्ट चांगला आला म्हनतात.”

यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग जे म्हणाली ते तिच्या बाजूचं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं बोलणं वाटतं.

“आणखी एक सांगते, मामा. सापडला तरी भानगड असते. सुई घातली की थोडं रक्त येतंच. तो मायक्रोफायलेरिया गाठीतला की वाटेवरच्या रक्तातला, हे दर वेळी सांगता येत नाही. भोवती इओसिनोफिल जमलेले असतील, मोठ्या कृमीचा तुकडा किंवा अंडी दिसली, तर गाठ त्याचीच म्हणायला आधार मिळतो. नाहीतर तो नुसता वाटसरू. कॅन्सरच्या पेशींच्या शेजारी मायक्रोफायलेरिया सापडल्याची उदाहरणं आहेत. ज्यानं जंतू पाहून खूश होऊन काच बाजूला ठेवली, त्याचा कॅन्सर सुटला. म्हणून मी मुलांना सांगते, जंतू दिसला की जास्त वेळ पाहा, कमी नाही.”

“मुलांना” म्हणजे तिच्या हाताखालचे निवासी डॉक्टर. त्यांची दुसरी खोड ती सांगत असते. टीबी आणि कॅन्सर शोधायची सवय लागलेली नजर लगेच मोठ्या भिंगाकडे जाते, चाळीसच्या. त्या भिंगात पेशीचं पोट दिसतं, पण काचेचा कोपरा दिसत नाही, आणि जंतू बहुतेक काचेच्या कडेला, पुसट भागात पडलेला असतो. म्हणून आधी चारचं भिंग, कडेपासून कडेपर्यंत. रंगाचा धागा किंवा कापसाची तुसं जंतूसारखी दिसतात ते वेगळंच. कापसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना ते सांगायला नको.

मामा हे ऐकून फार खूश झाले. “म्हनजे तुमच्या काचेवरबी आमच्या काचेसारखंच पाहावं लागते. सगळी पट्टी.”

“हो. पण वर्ध्यात काखेतल्या गाठीची शंभर कारणं असतात. टीबी पहिलं. तुमचं रक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, आहे की नाही. सुई विचारते, ही गाठ कसली? काकूंना पडलेला प्रश्न दुसरा होता.”

मी तिला विचारलं की लसीकाग्रंथीत सुई घालून परजीवी शोधायची पद्धत आली कुठून. ती म्हणाली, अमेरिकेत 1930 मध्ये मार्टिन आणि एलिस यांनी कॅन्सरच्या गाठींवर सुरू केली, पुढं स्वीडनमध्ये 1950 नंतर तिचं शास्त्र झालं, असं पुस्तकात असतं. पण त्याच्याही आधी, 1904 मध्ये, युगांडात ग्रेग आणि ग्रे या दोघांनी झोपेच्या आजाराच्या रोग्यांच्या मानेतल्या गाठी टोचून त्यात त्या आजाराचे परजीवी, ट्रिपॅनोसोम, पाहिले. काळा आजारातही ग्रंथी टोचतात, प्लीहेपेक्षा कमी सापडतं पण रक्तस्रावाचा धोका नाही.

“आफ्रिकेचं कायले सांगते?” मामा म्हणाले.

“आपल्याकडेही आहे. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या अंगात सर्राचा ट्रिपॅनोसोम निघाला. जनावरांचा. माणसात निघाल्याची जगातली पहिली नोंद.”

“गाठीत?”

बहीण हसली. “रक्तात.”

“मंग!”

मामा त्या ‘मंग’वर बराच वेळ बसून होते. पण त्यांचंही एक दुखणं आहे, आणि ते बहिणीनंच काढलं. रात्रीची दारं आता वाजत नाहीत तितकी. एक पट्टी आली आहे, एफटीएस म्हणतात. बोटाचं रक्त, दिवसाही चालतं, दहा मिनिटांत रेघ उमटते. ती पिलांना शोधत नाही, मोठ्या कृमीनं रक्तात सोडलेलं प्रथिन शोधते. रक्तातल्या अशा अँटिजेनवरून हत्तीरोग ओळखायच्या कामात आपलाही वाटा आहे. इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. ही संस्था 1969 ची, डॉ. सुशीला नायर यांनी उभी केलेली, आणि हत्तीरोग हा तिच्या दारातलाच रोग.

“म्हणजे काकूंची गाठ टोचायच्या आधी ती पट्टी लावली असती तर?” मी विचारलं.

“लावायला हवी,” बहीण म्हणाली. “पण पट्टीवर रेघ आली म्हणून गाठ टोचायची सोडायची नाही. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात ती रेघ आणि कॅन्सर एकाच माणसात असू शकतात.”

“अन् पट्टी कोनाले लावायची?” मामा पुन्हा तारखेवर आले. “येक बाई आली म्हनून तिले? का तिच्या घरातल्या पाच मानसायले? आजूबाजूच्या दहा घरायले? येक डास चावला म्हनून हत्तीरोग होत नाई, बेटा. महिनोन् महिने, हजारो डास चावा लागतात. ज्या बाईच्या काखेत हा जंत सापडला, ती रात्री जिथं झोपते तिथं ते डास हायेत. अन् त्याहीले जंतू देनारा मानूस तिथंच कुठं झोपते. त्याले गाठ नाई, ताप नाई, काहीच नाई. तो तुह्या ओपीडीत कधीच येनार नाई.”

या वाक्याला बहिणीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते असूही शकत नाही. हत्तीरोगाचा बराचसा हिशेब या न येणाऱ्या माणसावरच बसतो. 1955 पासून देशात हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम आहे. 2004 पासून दरसाल घरोघरी डीईसीच्या गोळ्या, पुढं त्यांच्या जोडीला अल्बेंडाझोल. 2019 च्या जानेवारीत शेजारच्या नागपूर जिल्ह्यात त्यात तिसरी, आयव्हरमेक्टिनची गोळी आली. रोग संपवायची मुदत 2015 होती, 2017 झाली, मग 2020, आता 2027 म्हणतात. मुदत सरकते त्याची कारणं बरीच असतील. एक कारण ओट्यावरच बसलं होतं.

“काकू, गोळ्या खाल्ल्या होत्या का दर वर्षी?” बहिणीनं विचारलं.

“देत होत्या नं आशाताई. पन उपाशी पोटी खायच्या नाई म्हने, मंग ठेवून देल्या, जेवल्यावर खाईन म्हनून.” थोडं थांबून, “राह्यल्या तशाच.”

मामांनी कपाळावर हात मारला. कर्मचाऱ्यासमोरच गिळा असा जो हट्ट धरतात तो यासाठी. जेवण झालं नसेल तर पुन्हा येतो म्हणावं, पण गोळ्या ठेवून जाऊ नये, हे त्यांनी आयुष्यभर नव्या पोरांना सांगितलं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी घ्यायच्या, दुखणं असो वा नसो. काहींना घेतल्यावर ताप येतो, अंग दुखतं. रक्तातले जंतू मरतात म्हणून येतो. लोक मात्र गोळीनं आजारी पाडलं म्हणून पुढच्या वर्षी दार उघडत नाहीत.

आता माझं मत विचाराल तर गाठीची सुई मामांना वाटते तशी नशिबाची लॉटरी नाही, आणि बहिणीला वाटतं तसं तिचं काम काच रंगवून रिपोर्टवर सही झाली की संपतही नाही. निव्वळ हत्तीरोग शोधायला कोणी गाठी टोचत फिरू नये, ते बोटाच्या रक्ताचं काम. पण टीबी-कॅन्सरसाठी आपल्या भागात रोज कितीतरी गाठी टोचल्या जातातच. त्या काचांवर जंतू निघाला, तर ती गावाच्या नालीची बातमी आहे, पेशंटच्या काखेपुरती नाही. आणि ती बातमी कागदावर असूनही कागद पेशंटच्या पिशवीत जातो. पॅथॉलॉजिस्टनं क्लिनिशियनला कळवलं, त्यानं गोळ्या दिल्या, प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. गल्लीला मात्र कोणी कळवलं नाही, कारण ते कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

बहिणीला हे बोललो तर ती चिडली नाही. म्हणाली, “रिपोर्टच्या खाली एक ओळ टाकते मी आता. घरच्यांचं रक्त तपासून घ्या म्हणून.”

“इंग्रजीत?” मामांनी विचारलं.

“...मराठीतही टाकते.”

आठवड्यानं गावातल्या आरोग्यसेविका आणि एक कर्मचारी रात्री साडेनऊला आले. मामांनी फोन करून करून आणवले होते. काकूंच्या घरची पाच आणि गल्लीतली आणखी सात, अशी बारा माणसांची रक्तं घेतली. निवृत्त माणसानं बोट टोचायचं नसतं, म्हणून मामा टॉर्च धरून उभे होते आणि कोणाचा अंगठा, कोणाची करंगळी हे सांगत होते. काकूंच्या धाकट्या नातवानं रडून गोंधळ घातला. डास बाहेर पडू नयेत म्हणून संडासाच्या गॅसपाइपला जाळी आहे का हेही मामांनी त्याच टॉर्चनं पाहून घेतलं. दोन घरांना नव्हती. जुन्या साडीचा तुकडा बांधून दिला.

हे लिहीपर्यंत पट्ट्यांचा निकाल आलेला नाही. तोवर एक विनंती. घरात कोणाच्या गाठीत कधी सुई टाकली असेल, तर ती पिशवी काढा. रिपोर्टमध्ये ‘मायक्रोफायलेरिया’ किंवा ‘फायलेरिया’ हा शब्द असेल, तर तो कितीही जुना असू द्या, गावच्या आरोग्यसेविकेला नाहीतर आशाताईला नेऊन दाखवा, आणि त्या रात्री रक्त घ्यायला आल्या की दार उघडा.